कृतज्ञतेची खतावणी

आपल्याकडील कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत 'आभारप्रदर्शन' हा शेवटचा विषय असतो. अध्यक्षीय भाषण संपलेले असते, मागच्या रांगेतील मंडळी चपला शोधू लागलेली असतात, मंडपवाल्याचा मुलगा खुर्च्या एकात एक अडकवीत असतो, आणि अशा गलबल्यात कोणी एक शिक्षक घाईघाईने नावे वाचून दाखवितो. ज्यांची नावे राहून जातात ते मनात खट्टू होतात. ज्यांची घेतली जातात ते तोवर निघून गेलेले असतात. गेली कित्येक वर्षे हे काम आमच्याच वाट्याला येत असल्यामुळे त्यातील विनोद आणि व्यथा आम्हांस सारख्याच परिचित आहेत. गतवर्षीच्या अडचणीच्या काळात ज्यांनी शाळेस साथ दिली त्यांचे आभार मानणारा एक लेख मुख्याध्यापक या नात्याने लिहावा, असे या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा तोच घाईचा कार्यक्रम कागदावर उतरवावा असे आम्हांस वाटेना. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. कृतज्ञता ही मुळात काय वस्तू आहे, आपल्या परंपरेत ती कशी जोपासली गेली आणि तिची मर्यादा कोठे येते, हे जुन्या दाखल्यांवरून समजून घ्यावे आणि त्या उजेडात गेल्या वर्षाकडे पाहावे, असे आम्ही ठरविले.

आपल्या शाळेत सकाळच्या वंदनेत मुले महामंगलसुत्त म्हणतात. त्यात उत्तम मंगल कोणते हे सांगताना भगवान बुद्धांनी जे गुण मोजले आहेत, त्यांत 'कतञ्ञुता' हा एक आहे. मुले तो शब्द सुरात म्हणून पुढे जातात. त्याचा अर्थ मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. पाली भाषेत 'कत' म्हणजे केलेले, आणि 'कतञ्ञू' म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दाला जोडूनच तिपिटकात दुसरा शब्द येतो, 'कतवेदी'. म्हणजे जे जाणले ते प्रकट करणारा, इतरांस कळविणारा. अंगुत्तर निकायात तथागतांनी जगात दुर्मिळ अशा दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख केला आहे. एक, जो कोणाच्या सांगण्याची वा परतफेडीची वाट न पाहता आधी होऊन भले करतो तो पुब्बकारी. आणि दुसरा हा कतञ्ञू-कतवेदी. या व्याख्येत नमणे, वाकणे, उपकाराखाली दबणे कोठेही नाही. मराठीतील 'आभार' या शब्दात 'भार' ऐकू येतो. पालीतील शब्दात ज्ञान ऐकू येते. कोणी काय केले हे नीट माहीत असणे आणि ते स्पष्ट सांगणे, एवढीच मागणी हा शब्द आपल्याकडे करतो. ती वाटते तितकी सोपी नाही. नीट माहीत असण्यासाठी लक्ष ठेवावे लागते, आणि सांगण्यासाठी नोंद ठेवावी लागते.

नोंद ठेवण्याच्या बाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा कितीतरी दक्ष होते. आपल्याच जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. शाळेची सहल अजिंठा-वेरूळला जाते, पितळखोऱ्याला क्वचितच जाते, ही आमचीच चूक. तेथील स्तंभांवर दानाचे लेख आहेत, आणि त्यांत पैठणच्या गंधिक कुळातील मितदेवाचे नाव आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. पैठणचा एक अत्तरवाला दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या त्या घळीत खांबाचा खर्च देतो, आणि त्याचे नाव अजून तेथे आहे. त्याच लेण्यांत सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कण्हदासाचे नाव आहे. हा सोनार होता. पुण्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर याहून बोलका दाखला मिळतो. चैत्याच्या दाराचा खर्च धेनुकाकट येथील गंधिक सिंहदत्ताने दिला, याची नोंद तेथे आहे. आणि दाराचे काम करणारा त्याच गावचा सुतार सामी, याचीही आहे. पैसा देणारा आणि हात चालविणारा, दोघेही दगडावर नोंदले गेले. आमच्या माहितीतल्या किती इमारतींच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव आहे?

पण आमच्या मते सर्वांत शिकण्याजोगा लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी तेथील लेणे भिक्खुसंघास दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापण दिले. ही रक्कम त्याने भिक्खूंच्या हातात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागीर-संघांकडे, ती ठेव म्हणून ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम कधीही मोडावयाची नाही, फक्त व्याज वापरावयाचे, अशी अट. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असे ठरले. आता आपल्या सातवीच्या मुलांना हे गणित घाला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस; वर्षाला दोनशे चाळीस; भागिले वीस भिक्खू, म्हणजे बरोबर बारा. एका कार्षापणाचीही चूक नाही. आणि हे सारे नगराच्या निगमसभेत वाचून दाखविले गेले, फलकावर नोंदविले गेले, असेही त्या लेखात आहे. दान, ठेव, व्याज, लाभार्थी, जाहीर वाचन आणि दप्तरी नोंद. कतवेदी या शब्दाचा कारभारातला अर्थ हाच.

विहार ही त्या काळची निवासी शाळा होती, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. निवासी शाळेचे दुखणे तेव्हाही तेच होते जे आज आहे. दिवसाच्या शाळेत मूल पाच वाजता घरी जाते. निवासी शाळेत ते रात्री आठ वाजताही तेथेच असते, त्यास भूक लागलेली असते, आणि सकाळी सहाला उठल्यावर आंघोळीला पाणी हवे असते. अध्यापन एक दिवस चुकले तर चालते, स्वयंपाक चुकून चालत नाही.

आता गेल्या वर्षाकडे येऊ.

शैक्षणिक वर्ष २०२५-२६ चा आरंभ नेहमीसारखाच झाला होता. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याचे वर्णन येथे करण्याची गरज नाही. वाचकांपैकी अनेकांनी तो अंगावर घेतला आहे. सोयाबीन शेतातच कुजले, कपाशीची बोंडे काळी पडली, ओढ्या-नाल्यांकाठची माती खरडून गेली. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले. आपल्या वसतिगृहातील मुले मुख्यतः पैठण, गंगापूर, गेवराई, अंबड या भागांतील अल्पभूधारक आणि शेतमजूर कुटुंबांची. मुले येथे कोरड्या खोलीत सुरक्षित होती, आणि घरी काय चालले आहे हे फोनवरून ऐकत होती. रात्री अभ्यासिकेत पुस्तक उघडे ठेवून बसलेल्या मुलाचे लक्ष पुस्तकात नाही, हे ओळखण्यास मुख्याध्यापक असावे लागत नाही.

सोयाबीन विकून दिवाळीपूर्वी भोजनखर्चाचा हप्ता भरावयाचा, ही आपल्या पालकांची वर्षानुवर्षांची रीत. यंदा विकावयास सोयाबीनच नव्हते. त्याच सुमारास शाळेस मिळावयाचा अनुदानाचा एक हप्ताही रखडला. कोठीत गहू होता, पण तूरडाळ, तेल आणि मीठमसाला संपत आला होता.

येथे आमच्या हातून एक चूक घडली, आणि या लेखात ती सांगणे आम्ही आवश्यक समजतो. ज्यांचा भोजनखर्च थकला आहे अशा विद्यार्थ्यांच्या नावांची यादी कार्यालयाने सूचनाफलकावर लावली. यादीखाली सही आमची होती. दरवर्षी अशी यादी लागते, म्हणून लागली. यंदाचे वर्ष दरवर्षीसारखे नाही, हा विचार सही करताना आम्हांस सुचला नाही. चार दिवसांनी भोजनगृहातील मावशी कार्यालयात आल्या. त्या सहसा कार्यालयाची पायरी चढत नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, ती फळ्यावरची यादी आधी काढा. नववीतली एक लेकरू रातचं जेवत नाही. पैसे आले नाहीत म्हणून एक टाइम कमी खाते." आम्ही त्या मुलीस बोलावून विचारले असता ती काही बोलली नाही; फक्त खाली पाहत राहिली. यादी त्याच क्षणी निघाली. परंतु चार रात्रींचे जेवण आम्हांस परत देता आले नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि ती मुलगी परतली नाही. आणखीही काही मुले परतली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की पीक गेल्यामुळे आई-वडील यंदा ऊसतोडीला गेले आणि मुलांनाही सोबत नेले. टोळी कोणत्या कारखान्याला गेली हे गावात नक्की कोणास ठाऊक नव्हते. आपला एक माजी विद्यार्थी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, मुकादम, त्यांची गावे यांची माहिती त्याच्याकडे असते. त्याने आपल्या ओळखीच्या काटेवाल्यांना फोन केले, तीन दिवसांत पत्ता काढला, आणि रविवारी मोटारसायकलने फडावर जाऊन त्या मुलीच्या वडिलांची कोपी गाठली. वडिलांचा प्रश्न एकच होता, "पैशाचं काय?" आणि या मुलाचे उत्तरही एकच, "ते शाळा बघंल. मी पण तिथलाच आहे, भाऊ." नोव्हेंबर संपता संपता मुलगी आपल्या आत्याबरोबर शाळेत परत आली. शाळा बघेल असे त्याने सांगितले तेव्हा आमच्याकडे ते बघण्यासारखे काही नव्हते, हे येथे कबूल करतो. त्याच्या शब्दाने आम्हांस बांधून टाकले.

मग जे घडत गेले ते एकाच दिवशी, एका सभेत, कोणाच्या आवाहनाने घडले नाही. शेजारच्या वस्तीतील विहाराच्या महिला मंडळाने दीक्षाभूमीस जाण्यासाठी वर्षभर पैसे जमविले होते. पावसामुळे त्यांचे जाणे राहिले, आणि त्या रकमेची तूरडाळ आपल्या कोठीत आली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक दिवसाचा पगार दिला. त्यांतील निम्मे कंत्राटी कामगार आहेत, हे आम्हांस नंतर कळले. शाळेजवळचे किराणा दुकानदार आपल्या समाजाचे नव्हेत. त्यांची वही मागील बाकीने भरत आली होती. त्यांनी नवी वही घातली आणि एकदाही शाळेत तगाद्यासाठी माणूस पाठविला नाही. भोजनगृहातील दोन्ही मावशींनी आपला पगार मागे ठेवून आधी किराणावाल्याचे भागवा असे सांगितले. गंगापूरकडच्या एका मातेने एसटीतून अर्धे पोते बाजरी पाठविली आणि सोबत निरोप दिला की, ही माझ्या एकट्या पोरासाठी नाही, सगळ्यांच्या भाकरीत मिसळा. शिक्षक बांधवांनी आळीपाळीने रात्रीच्या अभ्यासिका घेतल्या, आणि परत आलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास डिसेंबरअखेर भरून काढला.

मावशींचे आम्ही आभार मानले तेव्हा त्या रागावल्याच. म्हणाल्या, "आभार कायचे मानता सर? लेकरं जेवली का, तेवढं पुसा."

येथे नागसेनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या शहरात आपली शाळा आहे तेथेच बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय काढले आणि पुढे त्यास मिलिंदाचे नाव दिले. परिसराचे नाव नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात रथाचा दृष्टान्त आहे. राजा रथातून आला आहे. भिक्खू विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? एकेकटे काहीच रथ नव्हे. या सर्वांच्या एकत्र येण्याला आपण व्यवहारात रथ हे नाव देतो. हाच प्रश्न शाळेविषयी विचारून पाहावा. इमारत म्हणजे शाळा नव्हे; ती दिवाळीच्या सुटीत तशीच उभी होती आणि तेथे शाळा नव्हती. मुख्याध्यापक म्हणजे शाळा नव्हे, हे तर यादीच्या प्रकरणाने सिद्धच झाले. काट्यावरचा कारकून, किराणावाल्याची दुसरी वही, बाजरीचे अर्धे पोते, भोजनगृहातील मावशींचे लक्ष, आणि खाली पाहत राहिलेली ती मुलगी, हे सर्व एकत्र आल्यावर ज्याला शाळा म्हणावे असे काहीतरी गेल्या वर्षी उभे राहिले.

असे प्रथमच घडले, असे मात्र नाही. महाराष्ट्रात वंचितांच्या मुलांसाठी निघालेल्या जवळजवळ प्रत्येक वसतिगृहाच्या इतिहासात एखादे तरी असे वर्ष आहे. १८७७ च्या दुष्काळात महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरास वसतिगृह सुरू केले. सभेच्या अगदी पहिल्या कामांतील ते एक. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. घरातील धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा सांगतो की तिच्यातील कोठीघर आपल्याला दिसेनासे झाले आहे. मंगळसूत्र जाण्याच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मीबाईंनी पिठाच्या डब्यात हात घातला असेल आणि तळ लागला असेल, एवढे तरी आम्हांस गेल्या वर्षाने कल्पून दाखविले.

पुढे १९४८ साली कर्मवीरांनी सरकारवर केलेल्या टीकेपायी रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद झाले. तेव्हा संत गाडगेबाबांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेसाठी शब्द टाकला, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्यांच्या हाती खराट्याशिवाय काही नव्हते त्या माणसाचा शब्द सरकारदरबारी चालला. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मिलिंद महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हेही जन्माने आपल्या समाजाचे नव्हते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, शिक्षणाच्या सोयी जवळजवळ नव्हत्या, आणि खेड्यांतून आलेली आपली मुले पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढत होती. या मुलांना घेऊन चिटणीसांनी ते महाविद्यालय उभे केले, त्यांच्यासाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. कतञ्ञू असणे म्हणजे ही नावेही आपल्या खतावणीत जातीचा रकाना न पाहता लिहिणे.

आता मर्यादेचा प्रश्न. आंबेडकरी माणसाला 'उपकार' हा शब्द खुपतो, आणि तो खुपलाच पाहिजे. पिढ्यान्पिढ्या आपल्या आजोबा-पणजोबांना शिळी भाकर टाकून त्या भाकरीच्या बदल्यात मान खाली घालावयास लावले गेले. अशा समाजाच्या शाळेत मुलांना कृतज्ञता शिकविताना फार जपून शिकवावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात, राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका सांगताना बाबासाहेबांनी आयर्लंडचे नेते डॅनिएल ओ'कॉनेल यांच्या विचाराचा आधार घेतला होता: आपली प्रतिष्ठा गहाण टाकून कोणीही कृतज्ञ राहू शकत नाही, आणि राष्ट्राला स्वातंत्र्य गमावून कृतज्ञ राहता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे बाबासाहेबांनी कृतज्ञता नाकारली का? त्यांचे स्वतःचे वर्तन पाहावे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्याच संस्थानात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून अपमानित होऊन बाहेर पडावे लागले, कचेरीतील शिपाईही विटाळ मानीत. ते बडोदे सोडून आले. आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला, शिक्षणासाठी झालेल्या साहाय्याचा उल्लेख करून. कचेरीने केलेला अपमान एका पानावर, महाराजांनी दिलेली मदत दुसऱ्या पानावर. एकाने दुसरे खोडले नाही. अपमान लपविला नाही, त्याचे वर्णन त्यांनी अन्यत्र स्वतः लिहून ठेवले. आणि मदतही विसरली नाही. आमच्या मते आपल्या मुलांना शिकवावयाची कृतज्ञता ही आहे.

यावरून गेल्या वर्षाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. समाजाने शाळा तगविली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. संविधानाच्या कलम ४६ प्रमाणे दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितांची जपणूक हे राज्याचे कर्तव्य आहे. कलम २१अ ने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरविला आहे. विहाराच्या महिलांची तूरडाळ हा रखडलेल्या हप्त्याला पर्याय नव्हे. आमच्या एका सहकाऱ्याने सद्भावनेने असे सुचविले होते की, समाजाकडून इतके मिळत आहे तर हप्त्यासाठी पत्रव्यवहार करण्याची दगदग कशाला? आम्ही ती दगदग केली, आणि प्रत्येक पत्राची स्थळप्रत ठेवली. हक्काचे मागताना आवाज बारीक करावयाचा नाही, आणि प्रेमाने दिलेले घेताना मान ताठ ठेवून नाव लिहावयाचे. या दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयातून झाल्या पाहिजेत.

वर्षावास संपताना भिक्खुसंघात प्रवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनंती करतात की, माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, वा तशी शंका आली असेल तर मला सांगा. त्यानंतर उपासक मंडळी कठिन चीवर देतात. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी दोषांची चौकशी, मग दान. जानेवारीतील पालक सभेत आम्ही हाच क्रम ठेवला. प्रथम यादीची चूक सांगितली आणि पालकांची क्षमा मागितली. सभेत काही वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एक पालक उठले व म्हणाले, "सर, यादी लावली ते चुकलंच. पण पुढच्या साली पैसे कधी भरायचे ते बी आत्ताच ठरवा, म्हणजे पुन्हा यादीच नको." त्यावर बराच वेळ चर्चा झाली. भोजनखर्चाचे हप्ते पिकाच्या पैशावर न बांधता वर्षभरात विभागावेत, ज्यांना शक्य आहे त्यांनी धान्याच्या रूपाने द्यावेत, आणि थकबाकीविषयी केवळ पालकाशी, तेही समक्ष वा फोनवर बोलावे, असे ठरले. फलकावर यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव केवळ त्याने काही मिळविले असेल तरच लागेल.

माजी विद्यार्थ्यांनी त्रिरश्मी लेण्यातील त्या ठेवीची गोष्ट ऐकल्यावर भोजनगृहासाठी कायम निधी उभारण्याचे मनावर घेतले आहे. मूळ रक्कम मोडावयाची नाही, व्याज फक्त कोठीसाठी. रक्कम सध्या लहान आहे. आकडा पुढील वार्षिक सभेत वाचून दाखविला जाईल, उषवदाताने निगमसभेत वाचविला त्याप्रमाणे.

आणि एक वही घातली आहे. लांब, खाकी पुठ्ठ्याची, किराणा दुकानातून आणलेली. तारीख, नाव, काय केले, असे तीनच रकाने. त्यात रक्कम देणाऱ्याचे नाव आहे आणि पोते उतरवून घेणाऱ्या मुलांचेही. मागील पानांवर शाळेच्या चुका लिहावयाच्या आहेत. पहिली नोंद यादीची आहे, तारखेसह. वही कार्यालयात बाहेरच्या टेबलावर ठेवलेली असते, कोणीही पाहावी. ज्या नववीतल्या मुलीविषयी वर लिहिले, तिचे अक्षर चांगले असल्याने वही लिहिण्याचे काम तिने मागून घेतले. ती आता दहावीत जाईल.

गेल्या आठवड्यात ती मावशींना त्यांचे नाव दाखवीत होती. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून आपल्या नावाची ओळ कोणती ते विचारून घेतले, मग वरच्या-खालच्या ओळींत कोण कोण आहे तेही वाचून घ्यावयास लावले. सगळी यादी ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "अन् त्या मोटारवाल्याचं? पाण्यात उभं राहून बोअरची मोटार काढली त्यानं, दोन दिवस. त्याचं कुठं हाय?" त्याचे नाव आम्हांस कोणासही ठाऊक नव्हते. मुलीने तारीख लिहिली, नावाचा रकाना मोकळा सोडला, आणि तिसऱ्या रकान्यात काम लिहून ठेवले. तो इसम हर्सूलकडचा आहे एवढे कळले आहे. शोध चालू आहे.